लाल दिवा विझेना: जुन्या ट्रॅक्टरच्या डायनामो चार्जिंगच्या नोंदी

ट्रॅक्टर जुना, डिझेलचा, 12 व्होल्टचा. अल्टरनेटर नाही, डायनामो आहे, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. डॅशच्या मागे दोन कॉइलचा कंट्रोल बॉक्स आहे. त्यातली एक कॉइल कटआऊटची (डायनामो पुरेसे व्होल्ट देऊ लागला की त्याला बॅटरीशी जोडणारी), दुसरी रेग्युलेटरची (व्होल्टेज आवरणारी). टर्मिनल पाच: ए, ए-वन, एफ, डी आणि ई. ए बॅटरीकडे जातो, डी वर डायनामोची वीज येते, एफ डायनामोच्या फील्ड कॉइलला (आतलं चुंबकत्व तयार करणारी) जातो, ई अर्थला, म्हणजे बॉडीला. पुढे एक अँमीटर (बॅटरीत प्रवाह शिरतोय की बाहेर पडतोय ते दाखवणारा) आणि चार्जिंगचा एक लाल दिवा. तुमच्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर असेल तर या नोंदींतलं फार थोडं तुमच्या कामाचं आहे. डायनामो असेल तर मी घातलेला गोंधळ वाचून घ्या, निदान कंट्रोल बॉक्स तरी वाचेल.

4 नोव्हेंबर

तक्रार अशी: बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते. रात्री उभा केला की सकाळी सेल्फ नुसता कण्हतो. बॅटरी तीन महिन्यांपूर्वी नवीन घेतली. जुनी बॅटरीही अशीच उतरायची, म्हणून ‘बॅटरीच गेली’ असा निकाल मी मीटर न लावता देऊन टाकला होता. नवीही तशीच वागायला लागली तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं.

लाल दिव्याबद्दल आधी कबुली. गेल्या वर्षापासून तो इंजिन चालू असतानाही पेटलेला राहायचा. डोळ्यात खुपतो म्हणून मीच बल्ब काढून टूलबॉक्समध्ये टाकला होता. म्हणजे चार्जिंग होत नाही हे ट्रॅक्टर वर्षभर सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं. आज बल्ब परत लावला. किल्ली फिरवली की पेटतो. इंजिन चालू केलं तरी पेटलेलाच, वेग वाढवला तरी फरक नाही.

सकाळी बॅटरी 11.9 व्होल्ट. बाहेरच्या चार्जरवर लावून ठेवली.

आणखी एक गोष्ट दिसली. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले तर अँमीटरचा काटा उणेकडे जायला हवा. तो अधिककडे गेला. मी वहीत लिहिलं, ‘अँमीटर खराब’. ते तसंच ठेवतोय, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

5 नोव्हेंबर

रात्रभर चार्ज करून दोन तास नुसती ठेवल्यावर बॅटरी 12.66. सेल्फ मारताना 10.4 पर्यंत खाली आली आणि लगेच सावरली. हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासले, सगळे 1.26 ते 1.27. बॅटरीत दोष नाही. जुन्या बॅटरीतही नसणार, पण ती आता हातातून गेली.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 12.4, वेग वाढवला तरी 12.4. म्हणजे डायनामोकडून काहीच येत नाही.

पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत झालाय, पण चिरलेला नाही. अंगठ्याने दाबला तर बोटभर खाली जात होता. ताणून दीड सेंटिमीटरवर आणला. फरक शून्य. पट्टा ताणायचा बोल्ट गंजून बसला होता, तो सोडवण्यात दीड तास गेला. आधी रात्रभर डिझेल मारून ठेवायला हवं होतं.

मग डायनामो वायरिंगपासून वेगळा करून तपासला. त्याच्या मागच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढल्या. ही तपासणी सगळ्यांनी सर्वांत आधी करावी, कारण दोष डायनामोत आहे की वायरिंगमध्ये हे पाच मिनिटांत कळतं. नुसत्या डी आणि बॉडीमध्ये मीटर लावून इंजिन मध्यम वेगाने चालवलं की लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर साधारण दीड ते तीन व्होल्ट दिसायला हवेत. मग डी आणि एफ वायरच्या तुकड्याने जोडायचे आणि वेग हळूहळू वाढवायचा. व्होल्टेज भराभर चढायला हवं. 20 च्या पुढे जाऊ द्यायचं नाही आणि इंजिन ओरडवायचं नाही. पुतण्याला ॲक्सिलरेटरवर बसवलं. मीटरवर 0.1, कधी शून्य.

दोष डायनामोत. खाली काढला.

6 नोव्हेंबर

डायनामो उघडला आणि कारण लगेच दिसलं. कार्बन (फिरत्या भागावर घासून वीज घेणारे तुकडे) दोन, त्यातला एक त्याच्या खोबणीत तेल-धुळीच्या चिखलात चिकटून बसलेला. स्प्रिंग त्याच्यावर दाबतेय, पण तो खाली सरकत नाही, कम्युटेटरला, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकतच नाही. चिकटलेला 15 मिलिमीटर शिल्लक, दुसरा 8 वर आलेला.

तेल आलं कुठून? माझ्याच तेलकुपीतून. डायनामोच्या मागच्या बुशीला तेल द्यायला एक बारीक भोक असतं. तिथे दोन-तीन थेंब पुरतात. मी दर सर्व्हिसला कुपी दाबून धरायचो. जास्तीचं तेल बुशीतून कम्युटेटरवर गेलं, कार्बनच्या भुकटीशी कालवलं गेलं आणि त्याचं डांबर झालं.

कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसला, मग बारीक काचकागदाने. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला होता, तो पाऊण मिलिमीटर खाली घ्यावा लागतो. हॅकसॉ ब्लेडच्या दातांची जाडी दगडावर कमी करून त्याने प्रत्येक खाच कोरली. पहिलं ब्लेड मोडलं. दुसऱ्याने काम झालं, पण एका पट्टीवर ओरखडा आला. ज्यांचा हात बसलेला आहे ते हे काम तासाभरात करत असतील. मला चार तास लागले.

फील्ड कॉइल 6.1 ओहम, बरोबर आहे. आर्मेचरची (फिरत्या भागाची) एकही पट्टी शाफ्टला शॉर्ट नाही. दोन्ही कार्बन नवीन घातले, खोबणीत ते स्वतःच्या वजनाने खाली येतात का ते पाहिलं. बुशीला मोजून तीन थेंब.

7 नोव्हेंबर

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण तीच सगळ्यांत उपयोगाची आहे.

डायनामो परत बसवला. वायरी न जोडता परत तीच तपासणी. डी-एफ जोडून, लाल काडी डी वर, काळी बॉडीला. पुतण्याने वेग वाढवला आणि आकडा चढायला लागला. 14.6! मी आनंदाने ओरडलो. पुतण्या म्हणाला, "काका, पुढे वजाची खूण आहे." मी म्हणालो, "मीटरच्या वायरी उलट खुपसल्या असतील, आकडा बघ." वायरी उलट नव्हत्या. मी पाहिलंच नाही.

डी आणि एफ जागेवर लावले, इंजिन चालू केलं. लाल दिवा पेटलेला. वेग वाढवला तसा तो मंद व्हायला हवा होता. तो उजळत गेला. इतका, की दिवसाउजेडी डॅशवर लाल प्रकाश पडला. मी अजून बघतोय तोवर बल्ब गेला, आणि त्याच क्षणी कंट्रोल बॉक्समध्ये ‘टक्’ झालं. डायनामोचा पट्टा किंचाळायला लागला, डॅशमागून निळसर धूर यायला लागला.

इंजिन बंद केलं. धूर थांबेना. इंजिन बंद, किल्ली बंद, तरी वायर जळतेय. हे लक्षात यायला दोन-तीन सेकंद गेले, मग पाना घेऊन बॅटरीकडे धावलो. अर्थचा क्लॅम्प नशिबाने ढिला होता, हातानेच निघाला. आधीच घट्ट असता तर आज ट्रॅक्टरच्या नोंदी नसत्या, आगीच्या असत्या. बॅटरी तोडायचा मोठा स्विच या ट्रॅक्टरला नाही.

नुकसान: कटआऊटचे पॉइंट एकमेकांना वितळून चिकटले. डी ची वायर वीतभर काळी, तिचं आवरण शेजारच्या एफ वर ओघळलेलं. एक बल्ब. अँमीटर वाचला. डायनामो हात लावू देत नव्हता, गार झाल्यावर फिरवून पाहिला तर मोकळा फिरतो.

8 नोव्हेंबर

ओळखीच्या एका काकांनी हयातभर ऑटो वायरिंगचं काम केलं. आता ते काम करत नाहीत, पण फोन उचलतात. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे?"

"उणे. असतं तसं."

"कुठल्या गाडीला असतं तसं? तुझ्या ट्रॅक्टरला अधिक बॉडीला असायचं. बॅटरी कोणी बसवली?"

मीच.

झालं असं. हा ट्रॅक्टर मुळात अधिक अर्थचा, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक चॅसिसला. त्या काळात अशी बरीच वाहनं असायची. नवी बॅटरी बसवताना मला वाटलं की आधीच्या कोणीतरी चुकून उलट लावलीय, आणि मी ती ‘सुलट’ केली. डायनामोच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्व मात्र जुन्या दिशेचंच राहिलं. कार्बन चिकटलेला होता तोवर डायनामो मेलेलाच होता, म्हणून काही घडलं नाही. 6 तारखेला मी त्याला जिवंत केलं आणि 7 तारखेला त्याने आपली वीज जुन्याच दिशेने, बॅटरीच्या उलट, द्यायला सुरुवात केली.

लाल दिवा बॅटरीकडची बाजू आणि डी यांच्यामध्ये असतो. एरवी दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तो विझतो. उलट ध्रुवतेत दोन्ही दाब एकात एक मिळाले, दिव्यावर 24-25 व्होल्ट आले. कटआऊटच्या बारीक कॉइलला दिशा कळत नाही, 13 च्या आसपास व्होल्ट मिळाले की ती पॉइंट मिटवते. पॉइंट मिटले आणि बॅटरी व डायनामो एकामागे एक जोडल्यासारखे झाले. वर प्रवाहाची दिशा अशी, की कटआऊटवरचीच दुसरी, जाड तारेची कॉइल पॉइंट सोडवायच्या ऐवजी आणखी घट्ट धरते. म्हणून इंजिन बंद करूनही ते सुटले नाहीत. तोवर तर ते वितळून एक झाले होते.

आता तीन महिन्यांत मला काय काय दिसलं होतं ते बघा:

अँमीटर उलटा दाखवत होता. तो खराब नव्हता, त्याच्यातून प्रवाहच उलटा जात होता.

मीटरवर वजाची खूण होती. पुतण्याला दिसली, मला नाही.

आणि सगळ्यांत मूर्खपणाची गोष्ट म्हणजे बॅटरीचे क्लॅम्प. बॅटरीचं अधिकचं टोक उण्यापेक्षा दीडेक मिलिमीटर जाड असतं, चुकून उलट लागू नये म्हणूनच. नवी बॅटरी बसवताना सेल्फकडच्या वायरचा क्लॅम्प जाड टोकावर बसत नव्हता, तो मी पेचकस घालून फाकवला होता. अर्थचा क्लॅम्प बारीक टोकावर ढिला होत होता, त्यात पत्र्याची पट्टी घातली होती. बॅटरी स्वतः सांगत होती आणि मी तिच्याशी कुस्ती खेळत होतो. (त्याच ढिल्या क्लॅम्पमुळे काल तो हाताने निघाला, हेही खरं.)

सेल्फ का उलटा फिरला नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. सेल्फच्या मोटरमध्ये फील्ड आणि आर्मेचर एकामागे एक असतात. टोकं बदलली की दोघांचीही दिशा बदलते, फिरणं तसंच राहतं. बल्बला तर दिशाच नसते. म्हणून तीन महिने कोणाला काही कळलं नाही. अल्टरनेटर असता तर पहिल्याच मिनिटाला डायोड उडून कळलं असतं.

"मीटरने वजा दाखवलं तिथे थांबायचं होतंस," काका म्हणाले. "आकडा काय, कोणीही वाचतो."

9 ते 15 नोव्हेंबर

कंट्रोल बॉक्स शोधण्यात आठवडा गेला. शेवटी भंगारात निघालेल्या एका ट्रॅक्टरचा मिळाला. झाकण उघडून बघून घेतला: कॉइलवरचा कागद करपलेला नाही, पॉइंट काळे पण सपाट, बुडातलं बेकलाइट चिरलेलं नाही. पॉइंट बारीक काचकागदाने घासून स्पिरिटने पुसले.

मूळ अधिक अर्थवर परत जायचं की आता उणे अर्थच ठेवायचं, यावर बराच विचार केला. डायनामोला काहीच फरक पडत नाही, त्याला एकदा दिशा दाखवली की पुरे. उणे अर्थ ठेवला तर अँमीटरच्या दोन वायरी बदलल्या की काम झालं. रेडिओ, मोबाइल चार्जर असलं काही लावायचं असेल तर उणे अर्थच सोयीचा, कारण या वस्तू बॉडीला उणे धरून बनवलेल्या असतात. माझ्या ट्रॅक्टरवर बल्ब आणि सेल्फ सोडून काही नाही. शिवाय माझ्यानंतर जो कोणी जुनी आकृती बघून हात घालेल त्याने माझ्यासारखं फसू नये, म्हणून मूळ पद्धतीवर परत गेलो.

16 नोव्हेंबर

वायरी बदलल्या. डी साठी आणि ए पासून अँमीटरपर्यंत 4 चौरस मिलिमीटरची, एफ साठी 1.5 ची. एफ मधून फील्डपुरता थोडाच प्रवाह जातो. जुन्या एफ वायरचं टोक सोललं तर आतलं तांबं चार बोटं हिरवं झालेलं होतं. ती जळाली नसती तरी बदलावी लागली असती. थिंबल दाबून वर झाळ दिली, मग श्रिंक स्लीव्ह. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर अक्षर लिहून बांधलं, कारण डी आणि एफ एकदा उलटसुलट झाले की आणखी एक संध्याकाळ जाते.

फाकवलेला क्लॅम्प टाकून नवा घातला. अधिक टोक बॉडीला. दोन्ही क्लॅम्प न ठोकता, न फाकवता बसले.

मग डायनामोला दिशा दाखवायची. 7 तारखेच्या प्रकारात बॅटरीने उलटी वीज फील्डमधून ढकललीच असणार, त्यामुळे आता लोखंडात कुठलं चुंबकत्व उरलंय याचा भरवसा नव्हता. पद्धत सोपी आहे: एफ ची वायर डायनामोवरून काढून बाजूला घ्यायची. बॅटरीच्या जिवंत टोकापासून (जे बॉडीला जोडलेलं नाही ते), माझ्या बाबतीत उणेपासून, एक वायर आणून डायनामोच्या रिकाम्या एफ टर्मिनलला क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी पडते. असं दोन-तीनदा. बस. एफ ची वायर जागेवर असताना हे करू नका. कंट्रोल बॉक्समध्ये एफ आणि डी रेग्युलेटरच्या पॉइंटमधून जोडलेले असतात, सगळा प्रवाह तिथून आर्मेचरमध्ये जाईल आणि पॉइंट जळतील. दहा दिवसांत दोन कंट्रोल बॉक्स जाळण्याची माझी तयारी नव्हती.

परत डी-एफची तपासणी. या वेळी लाल काडी बॉडीला, काळी डी वर. 15.2, खूण कुठलीच नाही. पुतण्याला दाखवून खात्री करून घेतली. त्याने चेहरा गंभीर ठेवला.

17 नोव्हेंबर

सगळं जोडून इंजिन चालू केलं. एक हात बॅटरीच्या क्लॅम्पवर, तो मुद्दाम बोटाने निघेल इतकाच आवळलेला.

लाल दिवा मंदावला. विझला. छाती फुगली. थोडा वेग वाढवला तर दिवा परत पेटायला लागला! अँमीटर हललाच नाही. बॅटरीवर 12.5. डी वर मीटर लावला तर 24 आणि अजून चढतोय. तत्काळ बंद.

म्हणजे डायनामो मोकाट सुटलाय, त्याला आवरणारं कोणी नाही, आणि कटआऊटही मिटत नाहीये. दोन्ही कॉइल एकदम काम करेनात. चहा पिता पिता लक्षात आलं की दोघींमध्ये सामाईक एकच गोष्ट आहे, ई. दोन्हींच्या बारीक कॉइल ई मधून अर्थला जातात. ई तुटला तर कटआऊटला मिटायला जोर नाही आणि रेग्युलेटरला उघडायला जोर नाही.

इंजिन मंद वेगावर ठेवून ई आणि बॅटरीच्या अर्थच्या टोकामध्ये मीटर लावला. शून्याच्या जवळ काहीतरी हवं. जवळजवळ डी इतकेच व्होल्ट दिसले. ई ची आखूड वायर डॅशच्या पत्र्याला स्क्रूने लावलेली होती, आणि पत्र्याला मी दोन वर्षांपूर्वी झकास रंग दिला होता. दोन थर. जुना बॉक्स बहुतेक त्याच्या बुडाच्या स्क्रूमधूनही कसाबसा अर्थ घेत असावा. नवा बसवताना मी स्क्रूखाली रबराचे वॉशर घातले, हादरे बसू नयेत म्हणून. चांगला हेतू, दुसरं काय.

पत्रा खरवडला नाही. ई पासून वेगळी वायर थेट डायनामोच्या बॉडीवरच्या बोल्टला नेली. अर्थचा भरवसा डॅशवर, बोल्टवर, रंगावर ठेवायचाच कशाला. परत चालू केलं: दिवा विझला तो विझलेलाच राहिला, ‘टक्’ आवाज आला (या वेळी मी दचकलो तरी), अँमीटर अधिक 12.

18 नोव्हेंबर

बॅटरीवर 15.1 येत होते. ते जास्त आहे, पाणी आटेल. सेटिंग केलं.

कटआऊटच्या पॉइंटमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीचा कागदाचा तुकडा सरकवला, म्हणजे बॅटरी तुटते आणि रेग्युलेटर एकटा काम करतो. मीटर डी आणि ई मध्ये. वेग हळूहळू वाढवला की आकडा चढतो, एका ठिकाणी थबकतो, जरा थरथरतो आणि तिथेच राहतो. तो आकडा 16 च्या आसपास हवा. बॅटरी जोडलेली नसताना इतका चालतो, यावर घाबरू नका, मी घाबरलो होतो. माझा 17.4 होता. लॉकनट ढिला करून स्क्रू थोडासा डावीकडे, परत पाहायचं. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकावं, कारण कॉइल तापली की आकडा सरकतो आणि आपण सरकत्या आकड्यामागे स्क्रू फिरवत बसतो. पहिल्या वेळी मी तेच केलं. गार होऊ दिलं, पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला 15.9. स्क्रू एकदम अर्धा फेरा फिरवू नका, आठवा हिस्सा खूप झाला.

कागद काढला. काढायचं विसरलो होतो खरं तर, दहा मिनिटं ‘चार्जिंग गेलं’ म्हणून शोधत होतो.

कटआऊट 12.9 ला मिटतो. बॅटरी जोडून मध्यम वेगाला 14.2. अँमीटर सुरुवातीला 12, वीस मिनिटांत 4 वर उतरला. कोणी विचारेल की हा चार्जिंग कमी का करतोय. बॅटरी भरत आली की रेग्युलेटरने हात आखडता घ्यायलाच हवा.

25 नोव्हेंबर

आठवडाभर चालवला. दिवसा ठीक, पण हेडलाइट लावून काम केलं की लाइट पिवळट आणि बॅटरी किंचित उतरलेली. डायनामो तोकडा पडतोय का, अशी शंका आली. पण मागच्या अनुभवाने आधी मीटर काढला. इंजिन मध्यम वेगाने, लाइट चालू, मीटरची एक काडी कंट्रोल बॉक्सच्या ए वर, दुसरी बॅटरीच्या जिवंत टोकावर. एकाच वायरच्या दोन टोकांमध्ये 0.7 व्होल्ट. इतका प्रवाह जाताना 0.2 च्या वर नको. काडी टप्प्याटप्प्याने सरकवत गेलो. 0.5 एकट्या अँमीटरच्या मागच्या नटपाशी पडत होते. नट हाताने फिरला. 16 तारखेला मीच हाताने लावून ‘नंतर आवळू’ म्हटलं होतं.

आवळला. 0.15. लाइट पांढरे.

12 डिसेंबर

सतरा दिवस बाहेरचा चार्जर लावलेला नाही. सकाळी उभ्या बॅटरीवर 12.6 च्या खाली एकदाही गेला नाही. लाल दिवा किल्लीवर पेटतो, इंजिन घेतलं की विझतो. दोन जादा बल्ब टूलबॉक्समध्ये आहेत, लावायला, काढायला नाहीत.

हिशेब: एकूण सत्तावीस तास. त्यातले सहा-सात खऱ्या दुरुस्तीचे. कार्बनची जोडी, पट्टा ताणणं आणि कम्युटेटर पुसणं, मूळ रोग एवढाच होता. कंट्रोल बॉक्स, वायरी, बल्ब, बॅटरीचा क्लॅम्प आणि बहुतेक जुनी बॅटरीही, हे सगळं माझ्या खात्यावर.

अजून बाकी: बॅटरी तोडायचा स्विच बसवायचा आहे, जागा सीटखाली ठरलीय. बॅटरीच्या पेटीवर आतून पांढऱ्या रंगात ‘अधिक बॉडीला’ असं लिहिलं. ते पाहून पुतण्याने खडू घेतला आणि डायनामोच्या तेलाच्या भोकाशेजारी लिहून ठेवलं, ‘3 थेंब’. खडू पुसला जाईल म्हणून त्यावरही रंगाचा हात फिरवला.